वाचक विचारतात : फिल्म झाली, आता मूळ पुस्तक रद्दीत द्यायचं का?

प्रश्न : ताई, माझी भाची शिकागो विद्यापीठात मराठी रंगभूमीवर संशोधन करते. १९२०च्या आसपासचं एक नाटक तिला साताऱ्यात मिळालं नाही, पुण्यात मिळालं नाही, आणि तिकडे मायक्रोफिल्मवर, म्हणजे पानांचे बारीक फोटो असलेल्या फिल्मच्या रिळावर मिळालं! आमच्या गावच्या वाचनालयात त्याच काळातली दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत. हात लावला की पान मोडतं. कार्यकारिणीत टूम निघाली आहे की फोटो काढून घ्या आणि पुस्तकं विकून टाका. तुम्ही अमेरिकेत विद्यापीठाच्या ग्रंथालयात हेच काम केलंत, म्हणून विचारतो.
– एक निवृत्त शिक्षक, जि. सातारा

उत्तर : सर, आधी रद्दीवाल्याला परत पाठवा, मग पुढचं वाचा.

पुस्तकं वयामुळे मोडत नाहीत. गावात कुणाकडे दीडदोनशे वर्षांपूर्वीची हातकागदाची पोथी असेल तर तिचं पान अजून मऊ लागेल. तुमच्या कपाटातला कागद गिरणीतला, लाकडाच्या लगद्याचा. शाई फुटू नये म्हणून त्यात तुरटी आणि राळ घालत. दमट हवेत त्या तुरटीतून आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे धागे आतून तोडत राहतं. कोकणातला पावसाळा आणि आपल्याकडचा मे महिना या कामाला हातभारच लावतात. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९५०च्या दशकात १९०० ते १९४९ मधली ५०० पुस्तकं तपासली, तेव्हा त्यातली ९७ टक्के पुढची पन्नास वर्षंही धड टिकणार नाहीत असा त्यांचा निष्कर्ष निघाला. त्या धसक्यातूनच पुढे विद्यापीठांनी मायक्रोफिल्मचा सपाटा लावला. १९८९ साली तर वीस वर्षांत तीस लाख पुस्तकं फिल्मवर आणायची सरकारी मदतीची योजनाच निघाली.

तुमच्या भाचीला मिळालेलं नाटक बहुधा भारतातूनच फिल्मवर गेलं असेल. साहित्य अकादमीने १९०१ ते १९५३ या काळातल्या भारतीय भाषांतल्या पुस्तकांची सूची केली होती. ती हाताशी धरून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आणि कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने मिळून पुस्तकांच्या फिल्म काढल्या. शिवाय दक्षिण आशियाच्या साहित्याची फिल्म करणारी विद्यापीठांची एक संघटना शिकागोतूनच १९६७पासून चालते.

लोकांना वाटतं, फिल्म म्हणजे कॅमेरा. कॅमेऱ्याचं काम सगळ्यात सोपं. वर टांगलेला कॅमेरा, खाली पुस्तक, दोन्ही बाजूंनी दिवे, ३५ मिलिमीटरची फिल्म. खरी मेहनत त्याआधीची. पुस्तक टेबलावर घ्यायचं आणि पान न् पान मोजायचं. ६४ नंतर एकदम ६९ आलं, तर पानं गेली की छापखान्याने आकडा चुकवला? मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही, आणि आमच्या विभागात देवनागरी वाचणारी मी एकटी. गेलेली असतील तर दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत मागवायची. नाहीच मिळाली, तर ‘पाने ६५ ते ६८ उपलब्ध नाहीत’ अशी पाटी त्या जागी ठेवून तिचाही फोटो घ्यायचा, म्हणजे पुढचा वाचक कॅमेरावाल्याला शिव्या देणार नाही. शेवटच्या जाहिरातींवरून तर माझे नेहमी खटके उडत. वरिष्ठ म्हणायचे, औषधांच्या जाहिराती कशाला? अहो, त्याच पानांवर प्रकाशकाच्या इतर नाटकांची नावं आणि किमती असतात! पुढे कुणी विचारायचंच सोडलं.

आता रद्दीचा मुद्दा. तिकडेही हेच झालं, आणि मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. पान सपाट बसावं म्हणून पुस्तकाच्या कण्यावर पातं चालवायचं, फिल्म काढायची, सुटी पानं टाकून द्यायची. कोपरा पुढेमागे दुमडून पाहायचा, दोनचार घड्यांत तुटला की पुस्तक मेलं असं धरायचे. अरे, पण वाचताना पानाचा कोपरा कोण दुमडतं? नीट उलटलं तर ते पुस्तक आणखी कितीतरी वर्षं वाचता येतं. निकल्सन बेकर या लेखकाने २००१ साली यावरून ग्रंथालयांना चांगलंच झोडपलं, आणि वर्तमानपत्रांच्या बाबतीत तो बरोबरच होता. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर छायाचित्रांचा नुसता काळा डाग होतो, रंगीत पुरवणीचा रंग जातो. एखादं पान निसटलं असेल आणि मूळ प्रत विकली असेल, तर ते कायमचं गेलं.

तेव्हा कार्यकारिणीला सांगा : आधी प्रत्येक पुस्तक दुसरीकडे फिल्मवर किंवा स्कॅन होऊन आहे का ते बघा. ‘केसरी’चे जुने अंक दिल्लीच्या तीन मूर्ती भवनाच्या आवारातल्या ग्रंथालयात फिल्मवर आहेत, त्यांच्यावर पुन्हा पैसे घालू नका. कुठेच नसेल ते पुस्तक आधी घ्या. आज तुम्ही स्कॅनच कराल, त्यात वावगं काही नाही, फक्त प्रती दोनतीन ठिकाणी ठेवा आणि दर काही वर्षांनी उघडून बघा. फिल्मला तेवढं लागत नाही : पॉलिएस्टर या प्लॅस्टिकवरची, तयार करतानाच रसायनं नीट धुऊन काढलेली, चांदीच्या लेपाची फिल्म थंड, कोरड्या जागी पाचशे वर्षं टिकेल असा अंदाज आहे, आणि वाचायला भिंग आणि उजेड पुरतो. मूळ पुस्तकं सुती फितीने बांधून खोक्यात ठेवा. सेलोटेप लावायचा नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही.

प्रश्न : आमच्या कॉलेजात १९७०च्या सुमाराची मायक्रोफिल्मची रिळं आहेत. डबा उघडला की आंबूस वास येतो. धुवून घ्यावीत का?
– ग्रंथपाल, नागपूर

उत्तर : धुऊ नका. ती ॲसिटेट या जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची फिल्म आहे आणि तो वास व्हिनेगरचाच आहे. फिल्म स्वतःच आम्ल सोडते आहे. हे उलटवता येत नाही आणि शेजारच्या रिळांनाही लागतं. वास येणारी रिळं आज वेगळ्या कपाटात हलवा, घट्ट झाकणाच्या डब्यातून काढा, जमेल तितक्या थंड खोलीत ठेवा. फिल्म आक्रसायच्या, वाकायच्या आत स्कॅन उरकायला हवं, म्हणून सगळ्यात जास्त वास येणाऱ्यापासून सुरुवात करा. रिळांना रबर गुंडाळलेलं असेल तर तेही काढा. त्यातलं गंधक फिल्मवरची चांदी खातं.