एनआरआय झाल्यावर ईसॉप एक्झरसाइज केले तर कर वाचतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या अनलिस्टेड (शेअर बाजारात न नोंदलेल्या) स्टार्टअपमधले 4,000 ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घ्यायचे ऑप्शन, व्हेस्ट झालेत (घ्यायचा हक्क पक्का झालाय), एक्झरसाइज प्राइस (तो ठरलेला भाव) 10 रुपये, ताजं मूल्यांकन शेअरमागे 1,000 रुपये, पगार वर्षाला 30 लाख. 1 ऑक्टोबरला कॅलिफोर्नियात दुसऱ्या कंपनीत रुजू व्हायचंय. मार्चच्या आत एक्झरसाइज करावं (पैसे भरून शेअर घ्यावेत), की तिकडे जाऊन एनआरआय झाल्यावर, म्हणजे भारतातला कर वाचेल?

वाचत नाही. ऑप्शन ज्या कामाबद्दल मिळाले ते काम भारतात झालं, म्हणून ते उत्पन्न भारतातलंच. ग्रँटपासून (ऑप्शन मिळाल्यापासून) व्हेस्टिंगपर्यंतचा सगळा काळ पुण्यात गेला असेल तर एक्झरसाइजच्या दिवशी तुम्ही कुठल्या देशात आहात याने काही फरक पडत नाही. 1,000 वजा 10, म्हणजे शेअरमागे 990 रुपये पगारात धरले जातात आणि कंपनी त्यावर टीडीएस कापते.

टायमिंगला अर्थ आहे तो 31 मार्चच्या आसपास. सगळे 4,000 एकदम घेतले तर पगारात 39.6 लाखांची भर पडते, एकूण 69.6 लाख. उत्पन्न 50 लाखांच्या वर गेलं की करावर 10 टक्के सरचार्ज (अधिभार) लागतो. नव्या करप्रणालीत तुमच्या आकड्यांवर हा सरचार्ज सेससकट (उपकरासकट) साधारण 1.71 लाख होतो. तेच 2,000 मार्चमध्ये आणि 2,000 एप्रिलनंतर घेतले तर पहिल्या वर्षी 49.8 लाख, दुसऱ्या वर्षी साडेपाच महिन्यांचा पगार अधिक 19.8 लाख. दोन्हीकडे सरचार्ज नाही. शिवाय दुसऱ्या हप्त्यातला बराच भाग खालच्या स्लॅबमध्ये बसतो, त्यातून आणखी लाखभर सुटतात. 75 हजारांची प्रमाणित वजावट धरूनही पहिल्या वर्षी 50 लाखांच्या आत फक्त 95 हजारांची जागा उरते. बोनस आणि एफडीचं व्याज मोजा. जागा कमी पडत असेल तर मार्चमध्ये 1,800 च घ्या.

हे गणित मूल्यांकनावर उभं आहे. अनलिस्टेड शेअरचा भाव मर्चंट बँकरच्या (मूल्यांकन करणाऱ्या नोंदणीकृत वित्तसंस्थेच्या) अहवालावरून ठरतो आणि तो अहवाल एक्झरसाइजच्या तारखेआधी 180 दिवसांपेक्षा जुना चालत नाही. एचआरला अहवालाची तारीख विचारा. मध्येच फंडिंगची फेरी झाली तर एप्रिलचा भाव चढतो. शेअरमागे 100 रुपये चढले तर 2,000 शेअरवर कर 62,400 रुपयांनी वाढतो.

रोख रकमेची सोयही आधी करा. मार्चच्या 2,000 शेअरसाठी कंपनीला 20,000 रुपये द्याल, पण टीडीएस 6.18 लाखांच्या घरात जाईल. महिन्याच्या पगारातून तो निघत नाही, चेक द्यावा लागतो. शेअर विकता येत नाहीत, आणि कंपनी बुडाली तर तो भांडवली तोटा पगारातून वजा होत नाही. म्हणून सगळेच 4,000 घ्यायला हवेत असं मला वाटत नाही. ‘आमच्या स्टार्टअपला टीडीएस पुढे ढकलायची सवलत आहे’ असं कंपनी सांगेल. ती मोजक्या प्रमाणित स्टार्टअपनाच आहे, आणि नोकरी सोडली की संपते. मग 14 दिवसांत कर भरायचा.

राजीनाम्यानंतर व्हेस्ट झालेले ऑप्शन किती दिवसांत घ्यायचे हे योजनेच्या कागदात लिहिलेलं असतं. व्हेस्ट न झालेले राजीनाम्याबरोबर जातात. तोंडी आश्वासनावर राहू नका.

निघायची तारीख 28 सप्टेंबरच्या पुढे नको. 1 एप्रिलपासून त्या दिवसापर्यंत 181 दिवस भरतात. 182 भरले की त्या वर्षी तुम्ही निवासी, आणि अमेरिकेतला पगारही भारतात करपात्र. लोक फसतात ते दिवाळीला. 25 सप्टेंबरला निघालात तर 178 दिवस झालेले असतात. दिवाळीसाठी चार दिवस आलात की 182. मार्च संपेपर्यंत आईवडिलांनाच तिकडे बोलवा.

आता अमेरिका. तिथलं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. कामाच्या व्हिसावर सप्टेंबरअखेर पहिल्यांदाच पोचलात तर त्या वर्षी 183 दिवस भरत नाहीत, म्हणून फेडरल (अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या) करापुरते तुम्ही अनिवासी. याच आधारावर ‘ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये एक्झरसाइज करा, तिकडे कर नाही’ असा सल्ला फिरतो. कॅलिफोर्निया तो मानत नाही. मुक्कामी नोकरीसाठी आलात की राज्याच्या लेखी तुम्ही उतरल्यापासून रहिवासी, जगभरचं उत्पन्न करपात्र, आणि भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट (तेवढी वजावट) ते राज्य देत नाही. टेक्सास किंवा वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा आयकर नाही, म्हणून तिकडे जाणाऱ्याचं गणित वेगळं. जानेवारीनंतर एक्झरसाइज केलंत तर फेडरल करही लागू होतो; क्रेडिट मिळतं, पण मर्यादेत. म्हणून दोन्ही हप्ते भारत सोडण्याआधी उरका.

लग्न झालेलं असेल तर पहिल्या वर्षी नवरा-बायकोचं जॉइंट रिटर्न भरण्याचा पर्याय कुणीतरी सुचवेल. तो घेतला की दोघंही वर्षभर निवासी ठरतात आणि मार्च आणि एप्रिलचं एक्झरसाइजही अमेरिकी रिटर्नमध्ये येतं. आकडे मांडल्याशिवाय सही करू नका.

पुढे शेअर विकाल तेव्हा भारतात 1,000 रुपये हीच खरेदी किंमत धरतात, आणि वाटपाच्या तारखेपासून 24 महिन्यांहून जास्त ठेवले तर नफ्यावर 12.5 टक्के, वर सेस. अमेरिकेत उतरल्यावर किंमत नव्याने मोजली जात नाही. आधी चढलेला नफाही तिथे धरतात. तिथल्या रहिवाशाने शेअर विकून मिळवलेला नफा सहसा अमेरिकेतला मानतात, त्यामुळे भारतीय कराचं क्रेडिट अडकतं. डिसेंबरच्या आत कुणी शेअर घ्यायला तयार असेल तर किंमत थोडी कमी असली तरी विचार करा, फक्त कॅलिफोर्नियाचा कर मोजून.

निघाल्यावर बचत खातं एनआरओ (एनआरआयचं भारतातलं रुपयांचं खातं) करून घ्या, डीमॅट बदला आणि कंपनीला लेखी कळवा. एनआरओतून आर्थिक वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. मूल्यांकन अहवाल, वाटपाचं पत्र, लाभाची रक्कम दाखवणारी पगारस्लिप आणि टीडीएस प्रमाणपत्र यांच्या प्रती कंपनीचा ईमेल बंद होण्याआधी उतरवून घ्या. सोडून गेलेल्या माणसाला कंपनी सेक्रेटरी उत्तर देतोच असं नाही.