एव्हरीपीडिया हा स्टार्टअप स्वतःला विकिपीडियापेक्षा मोठा ज्ञानकोश म्हणवून घेत असे. त्यात कितपत तथ्य होतं?

लेख मोजले तर तथ्य होतं, पण त्या मोजणीला फारसा अर्थ नव्हता. एव्हरीपीडियाने इंग्रजी विकिपीडियाचे लेख उचलून त्यांवर आपले नवे लेख रचले होते. म्हणजे आकडा मोठा येणारच! यात चोरी नाही; विकिपीडियाच्या मुक्त परवान्यात श्रेय देऊन मजकूर वापरता येतो, व्यावसायिक कामासाठीसुद्धा. खरा फरक दोन ठिकाणी होता:

- विकिपीडियावर लेखासाठी विषयाची उल्लेखनीयता, म्हणजे स्वतंत्र, विश्वासार्ह स्रोतांनी त्याची दखल घेतली आहे हे, सिद्ध करावी लागते. इथे ती अट जवळपास नव्हती, त्यामुळे कुणावरही पान निघे आणि ते तपासायला माणसं मात्र कमी.
- विकिपीडिया ना-नफा संस्था चालवते, देणग्यांवर. एव्हरीपीडिया कंपनी होती. पुढे ती ब्लॉकचेनकडे (अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली सामायिक डिजिटल नोंदवही) वळली, संपादनाचा मोबदला टोकनमध्ये, म्हणजे त्यावरच्या डिजिटल चलनात.

विकिपीडियाचे सहसंस्थापक लॅरी सँगर 2017 मध्ये तिकडे गेले, याचा गाजावाजा बराच झाला. 2019 मध्ये ते बाहेर पडले. एक मात्र मान्य करायला हवं: उल्लेखनीयतेच्या कडक नियमामुळे विकिपीडियावर अनेक योग्य विषयही अडकतात, ही एव्हरीपीडियाची तक्रार खोटी नव्हती.