डॅशबोर्ड ट्रिम: "दुकानदार म्हणतो चालतं, मग लावू का?"

डॅशबोर्डवर लाकडी, कार्बन किंवा क्रोमची ट्रिम, म्हणजे वरून चिकटवायच्या सजावटीच्या तुकड्यांचं किट, लावण्याविषयी विचारणा सतत येते आहे. गाड्या वेगळ्या, विचारणारे वेगळे, पण घोळ तोच. म्हणून नेहमी येणारे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

वुडन फिनिशच्या किटमध्ये खरं लाकूड असतं का?

बहुतेक किटमध्ये नसतं. प्लास्टिकवर लाकडाचं छापील चित्र आणि वर पारदर्शक थर, एवढंच. किटमधले मोठे तुकडे शेजारी ठेवून पाहा. तीच गाठ, तीच रेघ पुन्हा पुन्हा दिसली तर ती छपाई आहे. छपाई वाईट नसते. लाकूड सांगून ती विकणं वाईट. वरचा पारदर्शक थर हलक्या प्रतीचा असेल तर उन्हाने पिवळा पडतो, तेव्हा ऊन सोसण्याची हमी बिलावर लिहून घ्या. तोंडी हमी धरू नका.

माझ्याच मॉडेलचं, पण आधीच्या वर्षाचं किट स्वस्तात मिळतंय. बसेल का?

नाही. मॉडेल, वर्ष, व्हेरियंट आणि स्टिअरिंगची बाजू, चारही जुळलं पाहिजे.

किट लावून आठवडा झाला नाही तोच कडा सुटल्या. टेप खराब होता का?

टेपला दोष देण्याआधी एक सांगा, डॅशबोर्डला पॉलिश मारत होता ना? चमक आणणाऱ्या बऱ्याच पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. नुसत्या ओल्या फडक्याने ते निघत नाही आणि त्यावर कुठलाच टेप धरत नाही. साफ केलेल्या जागेवर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब पसरला तर ठीक, गोल मणी होऊन घरंगळला तर सिलिकॉन अजून तिथेच आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी चाचणी घ्या, मग पुसा.

दुसरं कारण घाई. टेपवरचा संरक्षक थर काढण्याआधी प्रत्येक तुकडा कोरडाच जागेवर ठेवून पाहायचा असतो. न बसणारा तुकडा दाबून चिकटवला की तो कडेने उठणारच. फोमचा अॅक्रिलिक डबल टेप साधारण २१ ते ३८ अंश सेल्सिअसला चांगला धरतो आणि त्याची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. संध्याकाळी गार गाडीत किट लावून दुसऱ्या दिवशी भर उन्हात उभी केली तर पकड बसायला वेळच मिळत नाही. सुटलेल्या कडा सुपरग्लूने चिकटवू नका, त्याच्या वाफेने भोवतीचं प्लास्टिक पांढरं पडतं. तुकडा फिटरकडून पूर्ण काढून नव्या टेपने बसवून घ्या.

किटमधली एक लांब पट्टी प्रवाशाच्या बाजूला एअरबॅगवरून जाते. विक्रेता म्हणतो, पट्टी हलकी आहे, एअरबॅग तिला सहज उडवून देईल. लावू का?

लावू नका. "सहज उडवून देईल" हाच तर धोका आहे. उडालेली पट्टी जाणार कुठे? समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर.

एअरबॅग साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते, पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. ती बाहेर पडते तेव्हा तिचं झाकण आखलेल्या रेषेवरच फाटावं, ठरलेल्या बाजूला उघडावं आणि पिशवी ठरलेल्या दिशेने यावी, अशी सगळी रचना असते. बऱ्याच गाड्यांत ही फाटण्याची रेषा डॅशबोर्डच्या आतल्या बाजूने कोरलेली असते. वरून हात फिरवला तर पृष्ठभाग सलग लागतो, म्हणून "इथे जोडच नाही" असं वाटतं. जोड असतो, फक्त दिसत नाही. त्यावर आडवी पट्टी चिकटवली की झाकण उशिरा किंवा वाकडं उघडू शकतं, आणि पट्टीचे तुकडे झाले तर त्यांच्या कडा धारदार असतात.

हे कल्पनेतलं भय नाही. स्टिअरिंगच्या मधल्या चिन्हावर चिकटवायच्या खड्यांच्या सजावटीबाबत अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला. एअरबॅग उघडताना अशी सजावट उडून चेहऱ्यावर आदळली आणि एका चालकाच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. तीही छोटी, हलकीच वस्तू होती.

"एअरबॅग कम्पॅटिबल" हे शब्द खोक्यावर कोणीही छापू शकतं. तुमच्या गाडीच्या उत्पादकाने तो भाग लेखी मान्य केला आहे का, एवढंच विचारा. स्टिअरिंगचा मधला भाग, पुढच्या काचेशेजारचे खांब, काही गाड्यांत गुडघ्यांसमोरचं पॅनेल, इथेही एअरबॅग असू शकते. मॅन्युअलमधला एअरबॅगचा नकाशा उघडा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवून खात्री करा. पट्टी आधीच लावली असेल तर ती तिथून काढून घ्या, आणि या आठवड्यातच. "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" म्हणू नका.

चकचकीत घ्यावी की मॅट?

वरच्या, काचेखालच्या भागावर चकचकीत काहीच नको. त्याचं प्रतिबिंब काचेत पडून समोरचा रस्ता झाकतं. खाली, गिअरभोवती आवडेल ते घ्या. तरी दुपारच्या उन्हात गाडीत बसून तुकडा जागेवर धरून पाहा, दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका.

काचेजवळ डॅशबोर्डवर एक छोटा काळा घुमट आहे. तो झाकला तर?

झाकू नका. बहुतेक गाड्यांत तो उन्हाचा सेन्सर असतो आणि ऑटोमॅटिक एसी किंवा दिवे त्यावर चालतात.

पॅनेल काढून त्यांना रॅप करायचं आहे, म्हणजे वरून फिल्म चिकटवायची आहे. व्हिडिओ पाहून घरी जमेल का?

एसीच्या जाळीभोवतीची, नुसत्या क्लिपवर बसलेली कड प्लास्टिकच्या पट्टीने काढता येते. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला की ओरखडा कायमचा. त्यापलीकडे स्वतः जाऊ नका. आत पिवळे कनेक्टर दिसले की थांबा, ते सहसा एअरबॅगचे असतात. तिथे काम करण्याआधी बॅटरी सोडवून किती वेळ थांबायचं, हे प्रत्येक गाडीला वेगळं असतं. व्हिडिओतली गाडी तुमची नाही. हे काम प्रशिक्षित माणसाकडेच द्या, आणि वॉरंटी चालू असेल तर आधी डीलरकडून लेखी विचारून घ्या.

जुनी ट्रिम काढल्यावर खुणा राहतील का?

राहू शकतात. झाकलेला भाग मूळ रंगाचा राहतो, भोवतालचा उन्हाने फिका झालेला असतो. काढताना ड्रायरने टेप कोमट करून मासेमारीच्या दोऱ्याने हळूहळू कापत जा. तुकडा एअरबॅगच्या आसपास असेल तर ड्रायर आणि दोरा दोन्ही बाजूला ठेवा आणि गाडी सर्व्हिस सेंटरला न्या.