'सेक्स', 'जेंडर' आणि आपलं एकुलतं एक 'लिंग'

प्रश्न असा आहे: कायद्यात 'स्त्री' म्हणजे कोण, याबद्दल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025मध्ये दिलेल्या निकालाविषयी मराठीत वाचताना कुठे 'लिंग', कुठे 'लिंगभाव', तर कुठे 'लैंगिक ओळख' असं दिसलं. हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? आणि भेदभावविरोधी कायद्याबद्दल लिहिताना नेमका कोणता वापरावा?

एकाच अर्थाचे नाहीत. 'सेक्स'साठी (शरीराने स्त्री की पुरुष) लिंग, 'जेंडर'साठी (समाजातलं स्त्रीपण-पुरुषपण) लिंगभाव आणि 'जेंडर आयडेंटिटी'साठी (व्यक्ती स्वतःला काय मानते) लिंगओळख, अशी वाटणी मी करतो. लिंगभाव हा शब्द समाजशास्त्राच्या आणि स्त्री-अभ्यासाच्या लेखनात चांगला रुळलेला आहे, तो नव्याने पाडायची गरज नाही. पण कायद्याच्या मजकुरात एवढ्याने भागत नाही. कारण वाद नेमका याच शब्दांच्या सीमेवरून चालला आहे आणि भाषांतर करणारा नकळत एका बाजूचा वकील होऊन बसतो.

एक वाक्य जवळून पाहू. ब्रिटनच्या 2004च्या 'जेंडर रेकग्निशन' कायद्याचं नववं कलम म्हणतं की बदललेल्या 'जेंडर'ला मान्यता देणारं प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीचं 'जेंडर' सर्व बाबतींत बदललेलं धरायचं; म्हणजे नवं 'जेंडर' पुरुषाचं असेल, तर तिचं 'सेक्स' पुरुषाचं होईल. एकाच वाक्यात दोन्ही शब्द आहेत आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी आहे. आता दोन्ही जागी 'लिंग' घालून वाचा: 'लिंग बदललं तर लिंग बदलेल'. ज्यावर वकिलांनी कागदच्या कागद भरले, ती उडीच गायब! इथे 'लिंगभाव' आणि 'लिंग' वेगळे ठेवणं हा काटेकोरपणाचा सोस नाही. त्याशिवाय वाक्याला अर्थच उरत नाही.

2025चा खटला याच उडीचा होता. सार्वजनिक मंडळांवर स्त्रियांचं प्रमाण वाढवण्यासाठी स्कॉटलंडने 2018मध्ये कायदा केला. त्यात असं प्रमाणपत्र असलेल्या ट्रान्स स्त्रियांना (जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंदलेल्या, पण स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तींना) 'स्त्री' म्हणून मोजायचं का, हा प्रश्न होता. न्यायालयाने एकमताने सांगितलं की 2010च्या समानता कायद्यात 'सेक्स' आणि 'स्त्री' या शब्दांचा अर्थ जैविक लिंगाचा आहे, आणि 2004चं ते नववं कलम इथे लागू होत नाही. मात्र याच कायद्याने भेदभावापासून संरक्षण दिलेल्या नऊ बाबींत 'जेंडर रिअसाइनमेंट' ही वेगळी बाब आहे, त्यामुळे ट्रान्स व्यक्तींना त्याखालचं संरक्षण कायम आहे, हेही निकालात आहे.

बातम्यांत गडबड होते ती इथे. कायद्यात शब्द आहे नुसता 'लिंग'. 'जैविक' हे विशेषण न्यायालयाने अर्थ लावताना जोडलं. 'कायद्यात जैविक लिंग असं म्हटलं आहे' हे वाक्य म्हणून चूक आहे. निकाल तुम्हाला पटो वा न पटो, विशेषण कोणी जोडलं ते लिहिलंच पाहिजे. भांडण त्या विशेषणाचंच तर होतं.

'जेंडर रिअसाइनमेंट'साठी सर्रास 'लिंगबदल' लिहितात. तो शब्द ऐकला की शस्त्रक्रियेची खोली डोळ्यांपुढे येते. कायद्याला ती लागत नाही. बदलाच्या प्रक्रियेतून जाण्याचा इरादा असलेली व्यक्तीही त्यात येते. मला 'लिंगांतर' त्यातल्या त्यात बरा वाटतो.

अमेरिकेत गंमत वेगळीच झाली. तिथल्या 1964च्या नागरी हक्क कायद्यात नोकरीत 'सेक्स'मुळे भेदभाव करायला मनाई आहे. 2020च्या बॉस्टॉक खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गॉर्सच यांनी 'सेक्स'चा जुना, जैविक अर्थच गृहीत धरला, आणि तरीही निकाल ट्रान्स कर्मचाऱ्याच्या बाजूने दिला, सहा विरुद्ध तीन मतांनी. जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंदलेली व्यक्ती स्त्री म्हणून वावरते म्हणून तिला काढलं, पण जन्माने स्त्री असलेलीला तशाच वावरण्याबद्दल ठेवलं, तर काढण्याचं कारण लिंगच झालं, असा युक्तिवाद. म्हणजे सगळा भार नामावर नव्हे, 'मुळे' या एवढ्याशा शब्दयोगी अव्ययावर पडला. म्हणून 'लिंगामुळे' असेल तिथे 'लिंगाबाबत' किंवा 'लिंगासंदर्भात' असं गुळमुळीत लिहू नये.

तिसरा मार्ग आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा. संविधानाच्या 15व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, जन्मस्थान यांच्या रांगेत 'लिंग' आहे. ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या 2014च्या 'नाल्सा' निकालात न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री यांनी त्या 'सेक्स'मध्ये लिंगओळखही येते असं सांगितलं. तीन न्यायालयं, जवळपास तोच शब्द: एकाने आवळला, दुसऱ्याने तसाच ठेवून वळसा घातला, तिसऱ्याने रुंदावला. माझ्या मते मराठीत तिन्ही ठिकाणी मूळ शब्दासाठी 'लिंग'च ठेवावा आणि न्यायालयाने काय केलं ते क्रियापदाने सांगावं.

इंग्रजीत तरी हे दोन शब्द पूर्वीपासून नीट वेगळे होते असं समजू नका. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झालेल्या वकील रूथ बेडर गिन्सबर्ग स्वतः सांगत की सत्तरच्या दशकात त्यांची टंकलेखिका म्हणाली, प्रत्येक पानावर 'सेक्स' दिसतंय, न्यायाधीशांचं लक्ष भलतीकडे जाईल; 'जेंडर' लिहा. त्यांनी लिहिलं! तेव्हा जुन्या अमेरिकी कज्जांतलं 'जेंडर' पुष्कळदा केवळ सोवळं 'सेक्स' असतं. तिथे लिंगभाव लिहिलंत तर नसलेला अर्थ चिकटेल.

आता 'लैंगिक'. व्युत्पत्तीने 'लिंगासंबंधी' एवढाच अर्थ, पण लैंगिक छळ, लैंगिक शिक्षण, लैंगिक कल यांमुळे तो शब्द शरीरसंबंधाकडे कायमचा झुकला आहे. 'लैंगिक ओळख' वाचून निम्मे वाचक समलैंगिकतेकडे जातात, आणि ती बाब कायद्यात वेगळी मोजली जाते. 'लिंगभेद'ही निसरडा: भेद म्हणजे फरकही आणि पक्षपातही. 'कायदा लिंगभेद मानत नाही' या वाक्यातून काय घ्यायचं? 'लिंगाधारित भेदभाव' लांबलचक आहे, पण फसवत नाही.

राहिली क्रियापदांची अडचण. इंग्रजीत सर्वनाम सांभाळलं की झालं. मराठीत 'गेला-गेली' प्रत्येक वाक्याला आडवं येतं. व्यक्तीने स्वतःसाठी वापरलेलं रूप ठाऊक असेल तर तेच वापरावं. ठाऊक नसेल तर 'व्यक्ती' हा शब्द हाताशी आहे. तो व्याकरणाने स्त्रीलिंगी, पण 'ती व्यक्ती न्यायालयात गेली' यावरून ती कोण हे कळत नाही. वर मी बॉस्टॉक समजावताना तेच केलं आहे.