‘विकार’, ‘विकृती’ आणि ‘पूर्वलक्षण’

शाळेत समुपदेशक असलेल्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी त्या ‘पर्सनॅलिटी डिसऑर्डर’वर एक माहितीपत्रक लिहीत आहेत, त्यात ‘व्यक्तिमत्त्व विकार’ म्हणावे की ‘व्यक्तिमत्त्व विकृती’, आणि ‘अर्ली साइन्स’साठी ‘पूर्वलक्षणे’ हा शब्द चालेल का?

आधी लेखनाचे. ‘व्यक्तिमत्’ला ‘त्व’ लागून ‘व्यक्तिमत्त्व’ होते, म्हणून महत्त्वाप्रमाणेच येथेही दोन ‘त’ हवेत. शिवाय ‘हृदयविकार’, ‘मनोविकार’ हे शब्द आपण जोडून लिहितो, त्याच न्यायाने ‘व्यक्तिमत्त्वविकार’ हा सामासिक शब्दही जोडूनच लिहावा. मधली मोकळी जागा इंग्रजीच्या सवयीने आलेली आहे.

‘विकार’ आणि ‘विकृती’ ही एकाच धातूची भावंडे आहेत आणि दोहोंचा मूळ अर्थ ‘बदल’ एवढाच आहे. शाळेच्या व्याकरणातल्या ‘विकारी शब्दां’ना कोणताही आजार झालेला नसतो, त्यांचे रूप बदलते इतकेच. वापरात मात्र या भावंडांच्या वाटा फार लांब गेल्या. ‘त्याला विकार आहे’ या वाक्यात माणूस एकीकडे राहतो आणि आजार दुसरीकडे. ‘विकृती’ म्हटले की ‘विकृत’ हे विशेषण जिभेवर तयारच असते, आणि वर्तमानपत्रांतल्या गुन्हेवार्तांनी त्याला जो वास दिला आहे तो आता जाणारा नाही. सोळा वर्षांच्या मुलीच्या आईच्या हाती द्यायच्या कागदावर तो शब्द नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘पूर्वलक्षणे’ या शब्दाबद्दल माझी हरकत वेगळी आहे. आयुर्वेदात ‘पूर्वरूप’ म्हणजे रोग पूर्ण प्रकट होण्याआधी दिसणारी चिन्हे, आणि ‘पूर्वलक्षण’ हा शब्द त्याच वळणाचा असल्यामुळे पुढे रोग येणारच, असे भाकीत त्यात दडलेले असते. किशोरवयातला उतावळेपणा, टोकाचे रुसवे किंवा ‘मी नेमका कोण’ हा गोंधळ बहुतेकांच्या बाबतीत विकारापर्यंत जात नाही. त्यातच घरगुती मराठीत ‘याची लक्षणं काही ठीक दिसत नाहीत’ हे वाक्य आजाराविषयी नसून चारित्र्याविषयी असते. म्हणून ‘सुरुवातीच्या खुणा’ हा साधा शब्दप्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटतो.

पत्रकात ‘बॉर्डरलाइन’ हे व्यक्तिमत्त्वविकाराच्या एका प्रकाराचे नाव येणार असेल, तर त्याचा खुलासा अवश्य करावा. ‘काठावर पास’ होणाऱ्यांच्या आपल्या भाषेत तो ‘थोडक्यात निभावले’ असा ऐकू येतो आणि पालक निश्चिंत होतात. वास्तविक अमेरिकी मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी 1938 साली हा शब्द मज्जाविकृती (न्यूरोसिस) आणि चित्तभ्रम (सायकोसिस) यांच्या सीमेवरच्या रुग्णांसाठी वापरला होता (येथे ‘विकृती’ जुन्या परिभाषेतून आली आहे, ती माझी निवड नव्हे). त्या शब्दाचा आजाराच्या सौम्यपणाशी काहीही संबंध नाही. तीव्रतेची मोजणी निराळी असते: 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात व्यक्तिमत्त्वविकाराचे सौम्य, मध्यम आणि तीव्र असे भेद आहेत, आणि जी अडचण विकाराच्या पातळीला पोहोचत नाही तिच्यासाठी वेगळा शब्द राखलेला आहे.

परंतु या पत्रकाचे खरे काम नामांपेक्षा क्रियापदांवर अवलंबून राहील. व्यक्तिमत्त्वविकार एखाद्या प्रसंगावरून ठरत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांशी, दीर्घकाळ तेच ते घडत राहणे ही त्याची ओळख आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या डीएसएम-5 या निदान-पुस्तिकेत तर अठरा वर्षांखालील मुलांबाबत हे वर्तन किमान एक वर्ष टिकलेले असावे, अशी अट आहे, आणि समाजविघातक (अँटिसोशल) प्रकाराचे निदान अठराच्या आत करताच येत नाही. हा फरक दाखवायला मराठी क्रियापदे फार सोयीची आहेत. ‘मैत्रिणीने उत्तर दिले नाही म्हणून तिने तिला ब्लॉक केले’ ही एक घटना झाली. ‘कोणी उत्तर द्यायला उशीर केला की ती रात्रभर जागते, सकाळी त्या व्यक्तीला ब्लॉक करते, संध्याकाळी रडून माफी मागते, आणि गेले वर्षभर घरी, क्लासला, मैत्रिणींशी हेच करत आली आहे’ ही तज्ज्ञाकडे नेण्याजोगी खूण झाली. ‘ती पहिल्यापासूनच तशी आहे’ या वाक्यात मात्र क्रिया उरतच नाही, केवळ शिक्का उरतो, आणि शिक्का वाचून डॉक्टरांना काहीही कळत नाही. तेव्हा ‘हट्टी’, ‘नाटकी’, ‘लहरी’ ही विशेषणे गाळून त्यांच्या जागी किती वेळा, कोणासमोर आणि कधीपासून, हे लिहिण्यासाठी पत्रकात मोकळ्या ओळी ठेवाव्यात, अशी सूचना करतो.

याला एकच अपवाद आहे आणि तो ठळक अक्षरांत छापावा. मूल स्वतःला इजा करत असेल, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या घालून मनगटे झाकत असेल किंवा जगण्यात अर्थ नसल्याचे बोलत असेल, तर वर्षाची अट, खुणांच्या नोंदी, शब्दांची निवड, सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलावे. तेथे ‘करत आला आहे’ असे म्हणता येण्याची वाट पाहायची नसते. ‘केले’ एवढा साधा भूतकाळ पुरेसा असतो.