रंगांधळेपणा असेल तर हवाई दलात पायलट होता येतं का?

तुम्ही लिहिलंय, मुलगा दापोलीत बारावीला आहे, एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) फायटर पायलट व्हायचंय आणि चष्म्याच्या दुकानात ठिपक्यांच्या चित्रातले आकडे त्याला दिसले नाहीत. स्पष्टच सांगतो: दोष खरा निघाला तर फ्लाइंग ब्रँच, म्हणजे वैमानिकांची शाखा, नाही. तिथे रंगदृष्टी सीपी-१, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाची लागते. नौदलाच्या वैमानिकांनाही तेच.

पण आधी नेत्रतज्ज्ञाकडून नीट तपासून घ्या. ती ठिपक्यांची चाचणी इशिहाराची. दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली, रंग विटलेल्या पुस्तकावर ती चुकू शकते. सैन्यात त्यानंतर मार्टिन लँटर्नची चाचणी असते, अंधारात बारीक दिव्यांचे रंग ओळखायचे.

रंगांचा हा हट्ट का, ते रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर रात्री उभं राहिलात की कळेल. होडीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. विमानाच्या पंखांनाही तसेच. त्यावरूनच समोरचा येतोय की जातोय ते ठरतं.

लाल-हिरव्याचा हा दोष बहुधा जन्मजात, आईकडून आलेल्या एक्स गुणसूत्रातून. (आईला दोष देऊ नका हं, तिला स्वतःला बहुधा सगळं नीट दिसत असतं.) औषध नाही, ऑपरेशन नाही. रंगीत काचांचे चष्मे विकणाऱ्यांना पैसे देऊ नका, सैन्याच्या मेडिकल तपासणीत ते चालत नाहीत.

माझा मावसभाऊ रातांब्याच्या (कोकमाच्या) झाडाखाली उभा राहून पिकलेली फळं हाताने चाचपायचा. तेव्हा आम्ही हसलो होतो. भूदलात मात्र रंगदृष्टीची अट इतकी कडक नसते, एनडीएच्या अर्जात तो पसंतीक्रम जरूर भरा.