हौदावर पाणी कोण भरत होतं?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या पाण्यावरचा तुझा लेख दोनदा वाचला. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळाने शहरात पाणी आणलं, पेठापेठांतल्या हौदांत खेळवलं, हे तू फार मन लावून लिहिलं आहेस. पण त्या हौदांवर पाणी भरायला कोण येत होतं आणि कोणाला येऊ देत नव्हते, हे सबंध लेखात एकदाही येत नाही. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. पाण्यावरच्या लेखात तो हौद नाही, हे मला फार लागलं.

तुला दोष देत नाही. तुझं आजोळ सदाशिव पेठेतलं. लहानपणी कानावर आलं ते पेशव्यांचं. माझंही तेच झालं. दगडूशेठ गणपतीसमोर वर्षानुवर्षं हात जोडले, पण माझ्या पाठीमागचा भिडेवाडा मला जुन्या दुकानांची एक रांग वाटायची. १८४८ साली फुले दांपत्याने तिथे मुलींची शाळा काढली हे पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. मान वळवून मात्र पाहिलं नाही. २०२३मध्ये स्मारकासाठी तो जीर्ण वाडा पाडला, तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे त्याचा एकही फोटो नाही. शनिवारवाड्याचे ढीगभर आहेत. ती हळहळ अजून जात नाही.

जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरात तेच सापडतं जे कोणाला तरी लिहून ठेवावंसं वाटलं. म्हणून तिथले कागदांचे रुमाल सोडण्याआधी माणसांकडे जा. म्हाताऱ्या माणसांना सन विचारू नकोस. ‘पानशेतच्या आधी’, ‘पानशेतनंतर’ असंच पुष्कळ जण सांगतील. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला. नदीकाठच्या पेठेत राहणाऱ्याला वाहून गेलेला संसार आठवतो. उंचावर राहणाऱ्याला पूर बघायला गेल्याचं आणि पुढे कोरड्या पडलेल्या नळांचं आठवतं. गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत वाढलेल्याच्या घराण्याची गोष्ट त्या दिवसापासूनच सुरू होते. तिघेही खरंच सांगतात. सांगणारा तेव्हा कुठे राहत होता, एवढं प्रत्येक नोंदीपाशी लिही. आणि वहीचं पहिलं पान स्वतःसाठी ठेव: मी कुठल्या घरातली, माझ्या घरी काय सांगितलं गेलं, कशाबद्दल कधीच कोणी बोललं नाही.

लेख एवढ्यात छापायला देऊ नकोस. रविवारी सकाळी आठला गंज पेठेत फुलेवाड्याच्या दारात ये. आधी हौद पाहू. मग आसपासच्या आज्यांना विचारू, घरात नळ येण्याआधी पाणी कोण आणायचं, कुठून आणायचं. वही जाड आण.

तुझे
सर